अलॉय व्हील बदलताना ‘ऑफसेट’कडे दुर्लक्ष नको

नवी एसयूव्ही दारात आली की अनेक वाहनप्रेमींना पहिला मोह होतो तो चाके बदलण्याचा. मूळ चाके साधी वाटतात आणि बाजारात मांडलेली रुंद, चकचकीत अलॉय व्हील खुणावू लागतात. दुकानात चर्चा होते ती मुख्यतः व्यास, रंग आणि किंमत यांची. मात्र चाकावर ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला एक छोटासा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. गाडीचा तोल, बेअरिंगचे आयुष्य आणि सुकाणूचा नेमकेपणा मोठ्या प्रमाणात याच आकड्यावर अवलंबून असतो. त्यालाच ‘ऑफसेट’ म्हणतात.

ऑफसेट म्हणजे काय?

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक काल्पनिक रेषा ओढली आणि चाकाचा जो पृष्ठभाग हबला टेकतो तो या रेषेपासून किती दूर आहे हे मोजले, तर मिलिमीटरमधील ते अंतर म्हणजे ऑफसेट. ‘ईटी’ ही अक्षरे ‘आइनप्रेसटीफं’ या जर्मन शब्दावरून आली आहेत.

ऑफसेटचे तीन प्रकार आहेत. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडील बाजूस असेल तर ऑफसेट ‘धन’ असतो व चाक मडगार्डच्या आत राहते. पृष्ठभाग नेमका मध्यरेषेवर असेल तर ऑफसेट शून्य. तो आतल्या बाजूस असेल तर ऑफसेट ‘ऋण’ होतो आणि चाक बाहेर डोकावते. आजच्या बहुतेक प्रवासी गाड्यांना कारखान्यातून धन ऑफसेटची चाके येतात. शून्य वा ऋण ऑफसेटची चाके मुख्यतः खडतर वाटांसाठी सजवलेल्या गाड्यांवर दिसतात.

गणित साधे, परिणाम मोठे

ऑफसेटचा विचार चाकाच्या रुंदीपासून वेगळा करता येत नाही. समजा, एका एसयूव्हीचे मूळ चाक साडेसात इंच, म्हणजे १९०.५ मि.मी. रुंद असून त्याचा ऑफसेट धन ३० आहे. रुंदीच्या निम्म्यातून ऑफसेट वजा केला, की हबच्या पृष्ठभागापासून बाहेरची कड मिळते : ९५.२५ वजा ३०, म्हणजे ६५.२५ मि.मी. ऑफसेट मिळवला, की आतली कड मिळते : १२५.२५ मि.मी.

आता मालकाने नऊ इंच रुंद आणि शून्य ऑफसेटचे चाक निवडले, तर दोन्ही कडा ११४.३ मि.मी.वर येतात. चाक प्रत्येक बाजूस सुमारे ४९ मि.मी. बाहेर येते. गाडी भारदस्त दिसते. पण सुकाणू पूर्ण वळवल्यावर वा गाडी खड्ड्यात दबल्यावर टायर मडगार्डला घासण्याचा धोका निर्माण होतो.

उलट, आठ इंची चाक धन ३५ ऑफसेटचे घेतले, तर बाहेरून फरक जेमतेम १.३५ मिलिमीटरचा दिसतो. आतली कड मात्र ११ मि.मी.हून अधिक आत सरकते. तेथे ब्रेकचा पाइप, शॉक अॅब्सॉर्बर किंवा सस्पेन्शनची भुजा असते. बाहेरून सारे ठीक दिसत असल्याने हा धोका चटकन लक्षात येत नाही.

बेअरिंग आणि सुकाणूवर ताण

ऑफसेट कमी केला, की टायर ज्या ठिकाणी रस्त्याला टेकतो त्याचा मध्यबिंदू हबपासून दूर जातो. तरफेचा दांडा लांबल्यावर टोकाचा भार अधिक जाणवतो, त्याप्रमाणे व्हील बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर ताण वाढतो.

दुसरा परिणाम सुकाणूवर होतो. पुढचे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष जमिनीला जेथे मिळतो तेथपासून टायरच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर अभियंत्यांनी विचारपूर्वक ठरवलेले असते. ऑफसेट बदलला की हे अंतरही बदलते. मग एका चाकाखाली खड्डा आला किंवा एकच बाजू ओल्या रस्त्यावर असताना ब्रेक दाबला, तर सुकाणूला अधिक जोराचा हिसका बसू शकतो. पावसाळ्यात घाट उतरताना हा हिसका महागात पडू शकतो.

मूळ चाकाला ‘स्पेसर’ नावाची चकती लावून ते बाहेर काढणे हाही ऑफसेट कमी करण्याचाच प्रकार आहे. २० मि.मी. जाडीची चकती लावली, की धन ३० चा ऑफसेट प्रत्यक्षात धन १० होतो. त्यामुळे वरील सर्व परिणाम तिलाही लागू पडतात.

केवळ ऑफसेट जुळून भागत नाही

बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ, म्हणजे ‘पीसीडी’ तंतोतंत जुळावे लागते. टोयोटा फॉर्च्युनरला सहा बोल्ट आणि १३९.७ मि.मी.चे वर्तुळ आहे. मधल्या छिद्राचा व्यास हबपेक्षा मोठा असेल, तर योग्य मापाची मध्य-कडी न बसवल्यास वेगात थरथर जाणवू शकते. चाकाची भारक्षमताही पाहावी. प्रवासी व सामानासह ज्या अॅक्सलवर सर्वाधिक भार येतो, त्याच्या निम्म्याहून ती कमी नसावी. ब्रेक कॅलिपर आणि चाकाचे आरे यांत पुरेशी जागा हवी. नटांची बैठक शंकूसारखी आहे की गोल, हेही तपासावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ अन्वये नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चाके बदलण्यापूर्वी वॉरंटी आणि विम्याच्या अटीही वाचून घ्याव्यात.

खरेदीपूर्वी हे करा

- मूळ चाकाच्या आतील बाजूस कोरलेली रुंदी आणि ऑफसेट टिपून ठेवा.
- नव्या चाकाच्या दोन्ही कडांचे गणित कागदावर मांडा.
- एक चाक बसवून सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. गाडी भरलेली असतानाही तपासा.
- बसवल्यानंतर व्हील अलाइनमेंट करा. साधारण शंभर किलोमीटर धावल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.

ऑफसेट मूळ मापाच्या जितका जवळ, तितका धोका कमी. अर्धा इंच रुंद चाक त्याच ऑफसेटचे घेतले, तर आत-बाहेर प्रत्येकी ६.३५ मि.मी.चाच फरक पडतो. गाडीची शोभा वाढवताना तिचा तोल ढळणार नाही, एवढी काळजी या एका आकड्याने घेता येते.