मधुचंद्राचं बेट

लग्न ठरल्यापासून आमच्या एक्सेल शीटमध्ये मालदीवच्या रिसॉर्ट्सची रांग लागलीय. सहज इतिहास चाळला. १९७२ साली कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट वस्ती नसलेल्या बेटावर सुरू झालं. पुढे धोरणच ठरलं: एका बेटावर एकच रिसॉर्ट, गावं वेगळ्या बेटांवर. पाहुण्यांचे पैसे हवेत, पण दारू आणि बिकिनी गावात नकोत! गावांच्या बेटांवर गेस्टहाउसना वाट मोकळी झाली ती २००९च्या सुमारास. म्हणजे मंडळी, तोवर कित्येक जोडपी मालदीवला जाऊन तिथलं गाव न बघताच परतली असणार. निवांतपणा हवाच हो, पण अनोळखी देश अनोळखीच ठेवून यायचं? आमचं ठरलंय: तीन रात्री रिसॉर्ट, दोन रात्री गावात. तिथे दारू नाही, बिकिनीसाठी किनाराही वेगळा. चालेल की!