गोधडी, वाकळ आणि कथरी

मराठी माणसाने छत्तीसगढात पाऊल केव्हा टाकले, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाची पुस्तके चटकन देतात. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरासच राहून कारभार पाहिला. तेथील रामटेकडीवरील मंदिर त्यांच्या काळाची साक्ष देत अजून उभे आहे. १७८७ मध्ये ते निवर्तल्यावर सुभेदारांचा अंमल आला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा मुलूखही इंग्रजांकडे गेला. सेनापती आणि सुभेदार यांची नावे अशी क्रमवार मिळतात. परंतु त्यांच्या मागोमाग बैलगाडीतून आणि पुढे आगगाडीतून ज्या स्त्रिया या प्रांती आल्या, त्यांनी बरोबर काय आणले याची नोंद दप्तरांत सहसा आढळत नाही. ती शोधावयाची तर घरातील जुनी वळकटी सोडावी लागते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही ती सोडून पाहणार आहोत.

जुन्या कापडांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. देशावर आणि कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून तेथे ती 'वाकय' होते. बेळगाव-धारवाडकडे कानडीत ती कौदी, आणि तान्ह्या बाळापुरती लहान केली की दुपटे. येथे छत्तीसगढीत तिला कथरी म्हणतात. कथरी आणि बंगालातील कांथा ही दोन्ही नावे संस्कृत 'कंथा' या शब्दाकडे जातात. जोगी-बैराग्यांच्या अंगावरची कंथा ती हीच. मराठी 'लुगडे' आणि छत्तीसगढी 'लुगरा' हे शब्दही शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे या दोन भाषांतील स्त्रियांना एकमेकींची ही विद्या समजून घेण्यास दुभाषी का लागला नसेल, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

गोधडीचा जन्म काटकसरीतून झाला. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की ते आडवे फाडून त्याच्या धड बाजू जोडीत. यास दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही जीर्ण झाले म्हणजे त्यातून परकर, पोलकी, झबली निघत आणि उरलेले गोधडीच्या पोटात जाई. शेवटी गोधडीही झिजली की तिचे पोतेरे होई. कापडाचा धागा न् धागा असा कामी येई. १९४३ साली सूत आणि कापड यांवर सरकारी नियंत्रण आले. नवे कापड मिळणे दुरापास्त झालेल्या त्या दिवसांत चिंधीचे मोल किती वाढले असेल, हे ज्यांनी तो काळ काढला त्यांच्या तोंडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

ही शिवण वरवर सोपी दिसते, पण तिचे शास्त्र आहे. धड लुगड्याचे किंवा धोतराचे अस्तर जमिनीवर ताणून पसरावयाचे व कोपऱ्यांवर वजने ठेवावयाची. त्यावर मऊ, जीर्ण कापडांचे थर, आणि सर्वांत वर रंगीत तुकड्यांची मांडणी. लांब कच्च्या टाक्यांनी हे सारे थर एकत्र धरले की कडेपासून शिवावयास आरंभ होतो. बोटभर अंतर राखीत दोरा चौफेर फिरतो आणि आत आत सरकत मध्यावर येऊन थांबतो. मध्यापासून आरंभ केला तर कापड कडेला सरकून चुण्या पडण्याचे भय असते. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरते आणि टाके थरांना जागचे हलू देत नाहीत. गोधडीच्या उबेचे रहस्य एवढेच. उन्हाळ्यात शेतीची कामे थांबली की अंगणात गोधडी पसरली जाई व चार बाजूंना चारजणी बसत. नवरात्रापूर्वी घरातील साऱ्या गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची चाल तर महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे.

आता नक्षीविषयी. चिंध्या जोडताना त्यांची मांडणी करावी, ही दृष्टी आपल्या देशात फार जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. मगधातील भातशेतीचे बांधांनी विभागलेले तुकडे पाहून भगवान बुद्धांनी आनंदास विचारले की, भिक्षूंसाठी अशा रचनेचे चीवर करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. आजही भिक्षूच्या चीवरात शेताचे ते बांध दिसतात. उतईच्या चहूबाजूंची भातखाचरे ज्यांनी श्रावणात पाहिली आहेत, त्यांना या कथेचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. लहानमोठे चौकोन, त्यांच्या मधून गेलेल्या कडा आणि कोठे तरी मध्यावर एक वेगळा, गडद तुकडा : गोधडीची मांडणीही याहून फार दूरची नाही. चौकोनात चौकोन, शंकरपाळ्यासारखे तिरके तुकडे, समोरासमोर ठेवलेले त्रिकोण आणि भोवती लुगड्याचा लाल काठ, एवढ्या मोजक्या आकारांत अगणित रचना होतात.

मराठी संतांनीही थरांच्या या वस्त्राला मान दिला. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपला 'पंचीकरण' हा ग्रंथ सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहिला आणि ती पासोडी अंबाजोगाईस जपून ठेवलेली आहे. विदर्भात तर प्रत्यक्ष गोधडीच एका महापुरुषाचे नाव झाली. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर चिंध्यांचे वस्त्र अंगावर आणि खराटा हाती घेऊन गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. आपण त्यांना संत गाडगेबाबा म्हणून ओळखतो. धर्मशाळा उभारण्यासाठी लक्षावधी रुपये जमविणाऱ्या या पुरुषाने १९५६ साली देह ठेवीपर्यंत स्वतःसाठी ठिगळांचेच वस्त्र पत्करले होते.

महाराष्ट्राच्या सीमेवर ही विद्या आणखी एका वाटेने वाढली. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यास आणलेल्या गुलामांपैकी काहीजण घाटावरील रानांत पळून गेले. त्यांचे वंशज सिद्दी लोक आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत राहतात व कोकणी-मराठीमिश्रित बोली बोलतात. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या लहान तुकड्यांची फुले लावावी लागतात. फुलांवाचून कवंदी म्हणजे वस्त्रावाचून माणूस, अशी त्यांची समजूत आहे. हेन्री ड्रेवाल या अमेरिकन अभ्यासकाने या कवंद्यांचा अभ्यास केला तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले.

आता आपल्या गावाकडे वळू. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे लोटली. नागपूर ते दुर्ग हे अंतर सुमारे २६५ किलोमीटरांचे. वर्धा, भंडारा, अमरावतीकडची मराठी कुटुंबे त्याच वाटेने आली. त्यापूर्वी अवघी दोन-तीन वर्षे, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मुंबई राज्यात आणि छत्तीसगढ मध्यप्रदेशात गेला होता. कालपर्यंत एकाच प्रांतात असलेले माहेर आणि सासर दोन राज्यांत पडले. ही माणसे ट्रंक आणि वळकटी घेऊन दुर्ग स्थानकावर उतरली आणि त्या वळकटीच्या आत गोधडी होती.

उतईतील अशाच एका घरी एका वृद्ध मातोश्रींच्या गोधड्या पाहण्याचा योग आम्हांस आला. पहिली त्यांच्या आईने वर्ध्याकडे शिवलेली; तिचे अस्तर आजीच्या लुगड्याचे. दुसरी येथे आल्यावरची. तिच्या मध्यावर यजमानांचा कारखान्यात वापरलेला जाड निळा सदरा होता आणि खिसा न उसवता तसाच ठेवला होता. भोवती शेजारणींनी दिलेले तुकडे : बंगाली शेजारणीच्या साडीचा काठ, उडिया बाईने दिलेला संबळपुरी पदर, तेलुगू घरातले परकराचे कापड आणि गावातल्या सखीचा लुगरा. ही सखी कथरी शिवणारी. तिचे टाके लांब, यांचे आखूड. दोघींनी मिळून शिवलेल्या भागात कोणता टाका कोणाचा हे आजही ओळखता येते. तिसरी गोधडी नव्हे, दुपटे होते. परदेशी असलेल्या पणतीसाठी नुकतेच पुरे केलेले. आम्ही विचारले, "आजी, यावर आपले नाव का घातले नाही?" त्या म्हणाल्या, "नाव कशाला घालायचं? अंगावर घेतलं की कळतंच कोणाचं आहे ते."

त्यांचे म्हणणे त्यांच्या घरापुरते खरे आहे. परंतु अंगावर घेऊन ओळखणारी पिढी सरली म्हणजे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. अलीकडच्या गोधड्यांपाशी तो अधिक तीव्र होतो. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्यापासून घरात जुने सुती कापड साठत नाही. नायलॉनचे थर शिवताना घसरतात आणि घाम शोषीत नाहीत. बाजारात हलकी, स्वस्त ब्लँकेटे मिळतात. शिवणाऱ्या हातांना वारस नाहीत. आणि गोधडी ही वस्तूच अशी की वापरली तर झिजते, न वापरली तर कसर लागते. तिचे आयुष्य मुळातच माणसाच्या आयुष्याएवढे.

याबाबतीत बंगालचे उदाहरण घेण्यासारखे आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे सनदी अधिकारी. सरकारी कामासाठी खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांनी जुन्या कांथा गोळा केल्या. कोलकात्याजवळ जोका येथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्या ठेवल्या गेल्या. त्यांत मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी केलेली एक कांथा आहे. तिने त्यावर आपले नाव सुईने लिहिले, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी आज आपण ते उच्चारू शकतो. स्टेला क्रामरिश या विदुषीने १९३९ साली कांथांवर प्रबंध लिहिला. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीत गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात झिजलेल्या कपड्यांपासून गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये त्यांच्या चित्रांची टपाल तिकिटे निघाली. शिवणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांच्या कामाबरोबर जगापुढे आली. मराठी गोधडीवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी मोलाचे पुस्तक केले आहे, परंतु महाराष्ट्राबाहेर गेलेल्या गोधड्यांची दखल घ्यावयाची कोणी? बदल्यांच्या नोकरीत आम्ही ज्या ज्या गावी मराठी मंडळे पाहिली, तेथे अध्यक्ष-कार्यवाहांच्या याद्या भिंतीवर लागलेल्या होत्या. ज्या माउलींच्या शिवणीखाली त्या अध्यक्षांचे बालपण निजले, त्यांची यादी मात्र कोठे दिसली नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस व सभासद भगिनींस आमची एक विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सर्वांत जुनी गोधडी बाहेर काढावी आणि घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीस चार गोष्टी विचाराव्यात : ही कोणी शिवली, कोणत्या गावी, कोणत्या साली, आणि हिच्यात कोणाकोणाचे कापड आहे. उत्तरे मंडळाच्या एका जाड नोंदवहीत लिहावीत, गोधडीचे छायाचित्र शेजारी चिकटवावे, आणि एका कोपऱ्यावर शिवणारीचे नाव दोऱ्याने घालावे. उतईच्या छत्तीसगढी शेजारणींच्या कथऱ्याही याच वहीत याव्यात, कारण त्यांचे तुकडे आमच्या गोधड्यांत आहेत आणि आमचे त्यांच्या कथऱ्यांत. यास पैसा लागत नाही. लागते ती थोडी सवड आणि थोडी घाई. ज्यांना विचारावयाचे त्या बहुतेकजणी ऐंशीच्या पुढे आहेत. तेव्हा येत्या गणेशोत्सवापर्यंत थांबू नये. या अंकाचे वाचन झाले की त्याच संध्याकाळी विचारावे.