प्रसाद आणि प्रभुभोजन : मिश्रधर्मीय घरातील मुलांचा प्रश्न

देवळात प्रसाद घेताना कोणी मुलाचा धर्म विचारत नाही. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला तर सर्व धर्मांचे लोक लोटतात. अशा वातावरणात वाढलेले मूल ख्रिस्ती आईबरोबर चर्चमध्ये जाते तेव्हा आई वेदीपाशी जाऊन भाकर घेते आणि हिंदू वडील बाकावरच बसून राहतात. ‘बाबांना का दिले नाही?’ हा प्रश्न त्यातून येतो. ‘ते त्यांचे असते’ असे म्हणून तो टाळला, तर बाबांना कमी लेखले गेले एवढाच अर्थ मुलाच्या मनात उरतो.

मराठी समाजाला हा पेच नवा नाही. १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांचा मुलगा दत्तू दोन धर्मांच्या आईवडिलांमध्ये वाढत होता.

मुलांना आधी मूळ कथा सांगावी. क्रुसावरील मृत्यूच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन केले, भाकर व द्राक्षारस देताना ते आपले शरीर व रक्त असल्याचे सांगितले आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत जा, असे म्हटले. इथपर्यंत मतभेद नाही. त्या शब्दांचा अर्थ काय, यावर मात्र पंथ वेगळे झाले.

परभणी जिल्हा कॅथॉलिकांच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. कॅथॉलिक श्रद्धेनुसार मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारसाचे मूलतत्त्वच बदलते, रूप आणि चव तेवढी तशीच राहते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हे निःसंदिग्धपणे मांडले. मुलांना फर्स्ट कम्युनियन साधारण सातव्या वर्षापासून, तयारीनंतर मिळते. ही वयोमर्यादा पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये खाली आणली. बाप्तिस्मा न झालेल्यांना ते देत नाहीत आणि प्रॉटेस्टंटांनाही केवळ अपवादात्मक परिस्थितीतच देतात.

प्रॉटेस्टंट याला ‘प्रभुभोजन’ म्हणतात, पण त्यांच्यातही एकवाक्यता नाही. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंगली यांची चर्चा झाली. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर सहमती झाली आणि अडले ते नेमके याच मुद्द्यावर! ख्रिस्त भाकरीत खरोखर उपस्थित असतो, असे ल्यूथरचे म्हणणे. झ्विंगलीच्या मते ते स्मरण होते. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक पंथ एकत्र येऊन स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अशा निरनिराळ्या परंपरा एकत्र नांदतात. ऑर्थोडॉक्स पंथात तर तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याबरोबरच कम्युनियन देतात. म्हणजे एका आजीच्या चर्चमध्ये पाच वर्षांच्या नातवाला थांबावे लागते आणि दुसऱ्या आजीच्या चर्चमध्ये तो केव्हाच सहभागी झालेला असतो.

‘हा त्यांचा प्रसादच’ ही तुलना लहान मुलापुरती चालते, कारण पवित्र अन्न श्रद्धेने घ्यावे हे त्याला कळते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र पुढचे सांगायला हवे. प्रसाद येईल त्याला दिला जातो. कम्युनियन घेणे म्हणजे मी या श्रद्धेचा व या मंडळीचा आहे, असे सर्वांसमोर मान्य करणे. बाबा तसे मानत नाहीत, म्हणून ते घेत नाहीत; त्यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे आणि आईच्या श्रद्धेचा मानही. वडिलांनी स्वतः हे सांगितले तर उत्तम. ‘ते लोक भाकरीलाच देव समजतात’ किंवा ‘ते नुसतेच खातात’ अशी एकमेकांच्या पंथांची थट्टा घरात होऊ नये. मुले ती नेमकी आजोळी जाऊन बोलून दाखवतात.

एक व्यवहारातली गोष्ट. नात्यातल्या लग्नाची मिस्सा असेल तर मुलाला आधीच कल्पना द्यावी. कुतूहलाने घेतलेली भाकर खिशात ठेवणे किंवा भावंडाला अर्धी मोडून देणे कॅथॉलिकांच्या दृष्टीने गंभीर असते. काही चर्चमध्ये कम्युनियन न घेणाऱ्यांनी छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेल्यास फादर आशीर्वाद देतात. तशी प्रथा तिथे आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे, म्हणजे मुलाला बाबांचा हात धरून रांगेत जाता येईल.