लोबान, सालई आणि भाऊ दाजी

सौदी अरेबियात कुणाच्याही घरी पाहुणा म्हणून गेलात तर कॉफी-खजुराच्या सोबतीनं 'मबखरा' येतोच. मबखरा म्हणजे निखारे ठेवायचं छोटं धुपाटणं. त्याचा धूर आपण दाढीकडे, कपड्यांकडे ओढून घ्यायचा, अशी इथली रीत. त्यात जळतो कधी 'ऊद', कधी 'लुबान'. आता इथे आपल्या मराठी माणसाची हमखास गडबड होते. आपण ऊद म्हणतो तो एक डिंक, आणि अरबांचा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड! आपण बाजारातून 'लोबान' म्हणून जे आणतो ते पुष्कळदा जावा-सुमात्राकडच्या वेगळ्याच झाडाचं असतं. अरबांचा खरा लुबान मात्र ओमान, येमेन आणि सोमालियाच्या उघड्या खडकांवर वाढणाऱ्या बॉसवेलिया नावाच्या झाडाचा डिंक.

हा लुबान इथे नुसता जाळत नाहीत, पितातही. रात्री चार खडे पाण्यात टाकायचे आणि सकाळी ते दुधाळ पाणी घ्यायचं. पोटासाठी, खोकल्यासाठी, सांध्यांसाठी. रियाधच्या जुन्या बाजारातल्या अत्ताराला (हा शब्द इथे सुगंधवाल्याला तसाच काष्ठौषधीवाल्यालाही लावतात) विचारलं, की तो शंभर गुण सांगतो. मी पडलो इंजिनियर. शंभर गुण ऐकले की मला प्रश्न पडतो, यातला मोजून पाहिलेला कुठला? त्या शोधात जे हाती लागलं ते थेट आपल्या भायखळ्याला आणि नागपूरला जाऊन पोचलं! म्हणून हा लेख.

आधी थोडा भूगोल. दोन हजार वर्षांपूर्वी हा डिंक फार मोलाचा मानला जाई. दक्षिण अरबस्तानातून नजरानमार्गे उत्तरेला उंटांचे तांडे निघत. रोमन लेखक प्लिनीनं गाझापर्यंतच्या वाटेचे ६५ मुक्काम सांगितले आहेत, आणि वाटेत पाण्याचे, चाऱ्याचे, जकातीचे पैसे कसे मोजावे लागत तेही लिहून ठेवलंय. मदाइन सालेह (हेग्रा) इथल्या नबातींच्या कोरीव थडग्यांमागचा पैसा बराचसा याच व्यापाराचा. २००८ साली ते ठिकाण युनेस्कोच्या यादीत गेलं, सौदीतलं पहिलंच. आपल्या बाळंतिणींना ठाऊक असलेला हिराबोळही याच तांड्यांवर लादलेला असे.

पण गंमत अशी, की हा डिंक नेमका कुठल्या झाडाचा हे युरोपला एकोणिसाव्या शतकापर्यंत धड ठाऊक नव्हतं. १८०७ च्या सुमारास कोलब्रुक या संस्कृतच्या पंडितानं म्हटलं, की प्राचीनांचा धूप म्हणजे भारतातल्या सालईचाच डिंक. सालई म्हणजे सातपुड्यात, मेळघाटात, विदर्भाच्या माळरानांवर दिसणारं, कागदासारखी साल सुटणारं आपलं झाड. संस्कृतात शल्लकी. तिच्या डिंकाला कुंदुरु म्हणतात आणि अरब वैद्य लुबानला कुंदुर म्हणत आले. कोलब्रुकचा घोटाळा व्हायला नावसुद्धा कारण असेल!

हे कोडं सुटलं ते मुंबईकडून. १८४४ ते ४६ मध्ये 'पॅलिन्युरस' या जहाजावर अरबस्तानच्या किनाऱ्याची मोजणी चालली होती. त्यावरचे डॉक्टर हेन्री कार्टर यांनी झाड जागेवर पाहिलं आणि त्याचं वर्णन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी सोमाली किनाऱ्याकडून आलेल्या फांद्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, वाढवल्या. १८७० मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीतर्फे त्यांचा निबंध छापला गेला, आणि त्यात तीन नव्या जातींना नावं दिली. एक कार्टरचं. एक गव्हर्नर बार्टल फ्रियरचं. आणि तिसरं? बॉसवेलिया भाऊ-दाजियाना!

होय, आपले डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्यांनी स्वतः कडू कवठाच्या बियांचं तेल महारोगावर वापरून पाहिलं होतं. आज वनस्पतिशास्त्रज्ञ भाऊंच्या नावाची जात वेगळी धरत नाहीत, ती लुबानच्या मुख्य जातीतच मोडते. पण नाव जुन्या ग्रंथांत आहेच. राणीच्या बागेशेजारचं संग्रहालय १९७५ पासून भाऊंच्या नावानं आहे. पुढल्या वेळी गेलात तर हे आठवा.

आता रसायनाकडे वळू. १८९८ साली या डिंकातून 'बॉसवेलिक आम्ल' वेगळं काढलं गेलं. पुढची बरीच वर्षं त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. मग १९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सालईच्या डिंकाचा अर्क प्राण्यांवर तपासला आणि सूज कमी होते असं दाखवलं. १९९० नंतर जर्मनीत ट्युबिंगेनला त्यामागची एक यंत्रणा पुढे आली.

ती यंत्रणा अशी समजा. आपल्या पांढऱ्या पेशींत एकाच कच्च्या मालापासून दोन पाइपलाइन निघतात. एकीतून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या ती लाइन बंद करतात. दुसरीतून ल्युकोट्राइन तयार होतात. तिथला व्हॉल्व्ह म्हणजे ५-लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर. बॉसवेलिक आम्ल हा दुसरा व्हॉल्व्ह दाबतं, असं प्रयोगनळीत दिसलं. ते विकराच्या कुठल्या बाजूला चिकटतं याचं चित्रही २०२० मध्ये मिळालं. पण प्रयोगनळी म्हणजे माणूस नव्हे. ही आम्लं आतड्यातून फार थोडी शोषली जातात, आणि रक्तात गेल्यावर प्रथिनांना चिकटून बसतात. त्यामुळे शरीरात खरं काम याच व्हॉल्व्हवर होतं की आणखी कुठे, यावर वाद आहे.

मग माणसांवर काय दिसलं? २००३ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर सालईचा अर्क आणि खोटी गोळी यांची तुलना छापली. कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी रीतसर चाचणी. अर्क घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला. एक्स-रेमध्ये मात्र काही बदल नव्हता. म्हणजे झिजलेला सांधा झिजलेलाच राहिला, वेदना उतरली. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा लहान चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा एका तीव्र केलेल्या अर्कानं वेदना १०० पैकी सुमारे १७ गुणांनी कमी झालेली दिसली. हे वाईट नाही. पण रुग्ण शंभराच्या आतच.

उलट बाजूही ऐका. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजारात रोग पुन्हा उसळू नये म्हणून जर्मनीत ५२ आठवड्यांची चाचणी सुरू केली होती. २०११ मध्ये निकाल छापला: खोटी गोळी आणि हा अर्क यांत फरक नाही. म्हणजे शंभर गुणांतला एखादा टिकतो, एखादा गळून पडतो. मोजल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं इतकं लिहायचं कारण सांगतो. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तुमच्या घरीही कुणाचे तरी दुखत असतीलच. गावाकडून फोन येतो, 'अरे, तिकडचं लोबानचं तेल पाठव.' तर लक्षात घ्या, तेल हे वाफेनं काढतात आणि बॉसवेलिक आम्लं जड असल्यानं वाफेबरोबर वर येत नाहीत. तेलाला वास छान, पण ज्याच्यावर चाचण्या झाल्या ते द्रव्य त्यात जवळजवळ नसतं. अर्क घ्यायचाच तर डॉक्टरांना सांगून, चालू गोळ्या बंद न करता, आणि जेवणाबरोबर. स्निग्ध जेवणाबरोबर तो जास्त शोषला जातो, एवढं मोजलेलं आहे. इथे सौदीत मी आपल्याच मजुरांना मधुमेहाची गोळी सोडून अत्ताराची पुडी घेताना पाहिलंय. तसं करू नका.

आणि झाडाचं काय? मध्य प्रदेशातल्या नेपानगरला १९५६ साली नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या कारखान्यात सालईच्या लाकडाचा लगदा करून वर्तमानपत्रांचा कागद बनवला जाई. आपल्या आजोबांनी सकाळी चहाबरोबर ही औषधी वाचली म्हणायची! आता डिंकाला भाव आला तर सालीवर फार घाव पडतात, झाड थकतं, बी धरत नाही. लुबानच्या मुलखातली ओरड हीच आहे. अरबस्तानातून डिंक आणायच्या आधी मेळघाटातली सालई उभी राहील एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.