न संपणारा सप्टेंबर

जून १९८२ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा दुसरा सिनेमा लागला. त्यात शेवटी एक लाडकं पात्र मरतं. कोण मरतं ते इथे सांगत नाही. आणि हे 'सांगत नाही' म्हणण्याची इंटरनेटवरची सवय शोधत मागे गेलं, की आपण त्याच सिनेमापाशी येऊन पोचतो. पाहून आलेल्यांना बोलल्याशिवाय राहवेना आणि न पाहिलेलेही त्याच चर्चेत बसलेले. मग कोणीतरी आपल्या मजकुराच्या आधी सूचना टाकली, की पुढे स्पॉयलर आहे. 'स्पॉयलर अलर्ट'च्या सगळ्यात जुन्या सापडलेल्या वापरांमध्ये हा वापर मोजतात.

ही चर्चा चालू होती 'यूजनेट'वर. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ते जाळं सुरू झालं. रचना अगदी साधी होती. एका विद्यापीठाचा कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावणार, नवा मजकूर देणार-घेणार, दुसरा तो तिसऱ्याला पोचवणार. हे बहुतेक रात्री चालायचं, कारण तेव्हा कॉल स्वस्त असत. या जाळ्याला मालक नव्हता, मधोमध बसलेली कंपनी नव्हती, लाइकचं बटण नव्हतं. सिनेमा, टीव्ही, राजकारण असे विषयवार गट होते आणि त्यांत एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसं तावातावाने भांडत होती.

मजकूर पोचायला कधी एक दिवस लागायचा, कधी जास्त. कधीकधी उत्तर आधी यायचं आणि प्रश्न मागून. त्यामुळे समोरच्याचं वाक्य आपल्या उत्तरात उतरवून घेणं भागच होतं. ओळीच्या सुरुवातीला एक छोटा बाण, त्यापुढे त्याचं वाक्य, त्याखाली आपलं म्हणणं. यातून शब्दांचा कीस पाडणारे तयार झाले, हे खरं. पण समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालणं अवघड झालं.

बाकीच्या रीतीही अशाच अडचणीतून आल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत सूचनाफलकावर कोणीतरी विनोद केला, की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ती खरी सूचना वाटली. चेहरा दिसत नसेल तर थट्टा ओळखायची कशी? १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी उपाय सुचवला: विनोदापुढे विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस टाका. आज आपण दिवसातून पन्नास वेळा पाठवतो त्या हसऱ्या चेहऱ्याचा हा पूर्वज. राजकारणाचे वाद हिटलरपाशी जाऊन थांबतात हे पाहून माइक गॉडविन या वकिलाने १९९० मध्ये नियमच मांडला: चर्चा जितकी लांबेल तितकी त्यात कोणाची तरी नाझींशी तुलना होण्याची शक्यता वाढत जाते. ऊठसूट तुलना करून त्या संहाराला स्वस्त करू नका, हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी सिनेमाच्या गटातल्या हौशी लोकांनी जमवलेल्या नटनट्या-दिग्दर्शकांच्या याद्या ब्रिस्टलच्या कॉल नीडम यांनी शोधता येतील अशा रूपात आणल्या. तीच पुढे 'आयएमडीबी' झाली. 'या सिनेमात तो नव्हताच' अशा वादातून निदान एवढं तरी हाती लागलं!

म्हणजे ही माणसं फार सभ्य होती का? मुळीच नाही. भांडण पेटवणाऱ्या मजकुराला 'फ्लेम' म्हणण्याची पद्धत त्याच काळात रुजली. मुद्दा वेगळा आहे. आज जुंपली तरी उद्या त्याच गटात, त्याच माणसाशी गाठ होती. म्हणून भांडणाऱ्यांनीच भांडणाचे नियम केले.

नवे लोक दर सप्टेंबरमध्ये यायचे. विद्यापीठांचं वर्ष सुरू व्हायचं, पहिल्या वर्षाच्या मुलांना अकाउंट मिळायचं आणि महिनाभर गोंधळ माजायचा. जुने लोक ओरडायचे, नेहमीच्या प्रश्नांच्या उत्तरांची यादी तोंडावर फेकायचे. हळूहळू मुलं शिकायची. १९९३ च्या सप्टेंबरनंतर मात्र हे चक्र मोडलं. इंटरनेट घरोघरी विकणाऱ्या कंपन्यांचे ग्राहक येऊ लागले. मार्च १९९४ मध्ये 'अमेरिका ऑनलाइन'ने आपल्या ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं. शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणारे कितीतरी जास्त झाले आणि तो लोंढा थांबलाच नाही. जुन्यांनी त्याला 'न संपणारा सप्टेंबर' असं नाव दिलं.

या नावात थोडा माज आहे, हेही बोलायला हवं. विद्यापीठात जागा मिळालेल्यांनी बाहेरच्यांना दिलेलं ते नाव. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे त्या हिशेबाने आपण सगळेच सप्टेंबरनंतरचे.

आणि आपलाही एक सप्टेंबर आहेच. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. काही महिन्यांत हॉस्टेलच्या मेसमधल्या दादापासून गावाकडच्या आत्यापर्यंत सगळे ऑनलाइन आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सैराट' आला होता आणि त्याच्यावरून जुंपलेले वाद बघता बघता सिनेमा सोडून जातीवर गेले होते. आता त्या वादात आणखी लाखो लोक उतरणार होते. 'फुकट डेटा मिळाला आणि कोणीही बोलायला लागलं' हे वाक्य तेव्हापासून मी पुष्कळदा ऐकलंय. ऐकवणारे बहुतेक शहरातले, आधी आलेले.

मला ही तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेलेली वाटते. आत्याला वाद घालता येत नाही असं नाही. भाऊबंदकी, ग्रामपंचायत, लग्नातले मानपान हे सगळं तिने निभावलंय, कारण तिथे उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असतं. फोनवर तिच्यापुढे येतो तो अनोळखी माणूस पुन्हा भेटणारच नसतो. कोणती पोस्ट कोणापुढे न्यायची ते आमच्या धंद्यातली माणसं ठरवतात आणि जास्त प्रतिक्रिया मिळवणारं वर चढवणं हे कोडमध्ये अगदी सोपं काम आहे. आत्याला रीत शिकवणारं तिथे कोणी नाही. ती थेट पेटलेल्या जागी जाऊन बसते.

अनोळखी असणं हा दोष नव्हे. १९९६ पासून चालू असलेल्या 'मायबोली'वर माणसं टोपणनावाने लिहितात, पण वर्षानुवर्षं एकाच नावाने लिहिणाऱ्याला तिथे पत असते, आणि ती जाऊ नये अशी धास्तीही. ज्याला असं गमावण्यासारखं काही आहे, तो जपून भांडतो. आजच्या अॅपमध्ये वाद घालणाऱ्यापाशी असं काय उरतं, हे त्या आत्याला विचारण्याआधी अॅप बांधणाऱ्यांना विचारायला हवं. त्यांत मीही आलो.