पावतीच्या मागे काय लिहिलंय?

आजचा भाग एका पावतीवर आहे. हसू नका, खरंच पावतीवर.

झालं असं की माझा जुना मोबाईल बंद पडला. त्यात आजोबांचं रेकॉर्डिंग आहे. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याच्या माळावर खडी फोडायला कसे जायचे, ते सगळं त्यांच्या आवाजात. आजोबा आता नाहीत आणि कॉपी दुसरीकडे कुठंच नाही. चूक माझीच. मोबाईल दुरुस्तीला टाकला, दुकानदारानं पावती दिली. मागे बारीक अक्षरात छापलेलं: 'डेटाची जबाबदारी आमची नाही. ३० दिवसांत माल न नेल्यास तक्रार चालणार नाही.'

घरी येऊन विचार करत बसलो. वस्तू माझी, पण आहे त्याच्या ताब्यात. मग ती सांभाळायची कुणी, आणि किती?

हा प्रश्न फार जुना निघाला. आपल्या जुन्या ग्रंथांत दुसऱ्याकडे विश्वासानं ठेवलेल्या वस्तूला 'निक्षेप' म्हणतात. मनुस्मृतीत आठव्या अध्यायात त्यावर बरंच लिहिलंय. पण मला मजा वाटली ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची. तिथं धोब्याचे नियम आहेत. कपडे लाकडी फळीवर नाहीतर गुळगुळीत दगडावरच धुवायचे. धोब्यानं अंगात घालायच्या कपड्यावर मुद्गराची खूण हवी. खूण नसलेला कपडा घालून फिरला तर ३ पण दंड. आणि गिऱ्हाइकाचा कपडा विकला, भाड्यानं दिला किंवा गहाण टाकला, तर १२ पण! म्हणजे लग्नाला गिऱ्हाइकाचा सदरा घालून जाणारे तेव्हाही होतेच की.

विणकराचा नियम तर थेट आपल्या जिल्ह्याला लागू पडतो. १० पल सूत दिलं तर ११ पल कापड परत यायला हवं. वाढीव वजन कसलं? सुताला खळ लावतात, तिचं. सोलापुरात पद्मशाली विणकर घरच्या मागावर विणायचे तेव्हाही सूत बऱ्याचदा व्यापाऱ्याचंच असायचं. सूत त्याचं, घाम यांचा. असल्या धंद्यात वजनाचा हिशोब आधीच ठरलेला नसेल तर रोज भांडण.

आता जरा लांब जाऊ. १७०३ साली इंग्लंडमध्ये एका माणसानं ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्या तळघरात न्यायचं कबूल केलं. पैसे न घेता. एक पिंप फुटलं, ब्रँडी वाहून गेली. न्यायाधीश होल्ट म्हणाले, फुकट केलंस तरी हातात घेतलंस ना, मग सांभाळायला हवं होतंस. पुढे १७८१ मध्ये विल्यम जोन्स यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं. हे तेच जोन्स, जे नंतर कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आले आणि ज्यांनी मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर केलं. दोन्हीकडचे निक्षेप एकाच माणसाच्या टेबलावर!

मग आला १८७२ चा भारतीय करार कायदा. तो आजही चालू आहे. त्याचं कलम १५१ साध्या भाषेत असं: शहाणा माणूस तशीच, तेवढ्याच किमतीची स्वतःची वस्तू जितकी जपेल, तितकी दुसऱ्याची जपायची. कलम १५४ सांगतं, ठरल्यापेक्षा वेगळा वापर केलात आणि नुकसान झालं तर भरून द्या. वाचताना मला तो सदरा घालून फिरणारा धोबीच दिसला. दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूनंही एक कलम आहे, १७०. मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. हे मला रास्त वाटतं.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही, कागद कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं. हे दख्खनच्या शेतकऱ्याला चांगलंच कळलं होतं. रोखा सावकाराच्या पेटीत, अंगठा कुणब्याचा, आणि कुणब्याच्या हातात काहीच नाही. किती फेडलं हे दाखवणार कसं? १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर गेले. जिथं जिथं दंगा झाला तिथं मुख्य मागणी एकच, रोखे बाहेर काढा. आणि ते जाळले.

चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपला सोलापूर, या जिल्ह्यांसाठी. त्यात सावकारानं पैसे घेतले की पावती द्यायची, मागितलं तर हिशोब आणि पासबुक द्यायचं, असं आलं. कर्जबाजारीपण त्यानं संपलं नाही. पण अर्धा कागद कुणब्याच्या खिशात आला. (शाळेत सांगोल्याचं नाव १७५० च्या सांगोला करारापुरतं येतं, छत्रपती रामराजा आणि पेशव्यांच्या. माझ्या मते १८७९ चा कायदाही तितकाच शिकवायला हवा.)

आणि छापील अटींचं काय? १९६० च्या दशकात मद्रास हायकोर्टात एक प्रकरण गेलं. लाँड्रीनं नवी साडी हरवली आणि पावतीवरची अट दाखवली, भरपाई किमतीच्या थोड्याशाच टक्क्यांपुरती. कोर्टानं ती अट मानली नाही. असं चाललं तर निष्काळजीपणाला बक्षीसच मिळेल ना!

माझा घोळ मात्र उरलाच. मोबाईल ही वस्तू आहे, तिची बाजारात किंमत निघते. आजोबांच्या आवाजाची कशी काढायची? म्हणून दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेलो. म्हटलं, "दादा, फोन नाही झाला तरी चालंल, पण आतलं काही पुसू नका. पावतीवर लिहून द्या." त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "एवढं काय आहे त्यात?" मी सांगितलं. काही न बोलता त्यानं पेन घेतलं आणि छापील ओळीच्या वर लिहिलं, 'डेटा पुसायचा नाही. मालकाला विचारून.' खाली सही केली, माझीही घेतली.

काल त्याचा फोन आला. स्क्रीन लागलीय, चार्जिंगचं काम बाकी आहे, आवाजाच्या फाईल दिसतायत म्हणे. उद्या जाणारे आणायला. पावती आत्तापासूनच पाकिटात घालून ठेवलीय.

पुढच्या भागात आजोबांचा आवाज ऐकवतो. भेटूच.