दप्तर बदलतं तेव्हा काय हरवतं?

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या मोबाईलमधल्या नोंदी एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेल्या. सफाळे, केळवे, एडवण, दातिवरे या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी फिरताना बारा वर्षांत लिहिलेल्या या सुमारे अकराशे नोंदी. कुठे कोटाच्या पडक्या भिंतीचं माप, कुठे कबरीवरच्या लेखाचा फोटो, कुठे एखाद्या आजीनं सांगितलेली गोष्ट. जुनं ॲप नव्या फोनवर नीट चालेना, म्हणून हा उद्योग. बोईसरच्या खोलीत बसून दोन तासांत काम झालं. अकराशेच्या अकराशे नोंदी आल्या. मी खूश झालो.

पुढच्या आठवड्यात एडवणहून फोन आला. तिथले एक मांगेला काका माझ्या ओळखीचे आहेत. किनारा खचतोय, बंधाऱ्यासाठी गावातली काही मंडळी अर्ज करणार होती. काका म्हणाले, “त्या वर्षी पाणी आत घुसलं तेव्हा तू इथंच होतास. लिहून घेतलं होतंस ना?”

घेतलं होतं. नोंद लगेच सापडली : “काल भरतीचं पाणी सुरूच्या बनात आत आलं. काका म्हणतात, त्यांच्या आठवणीत पहिल्यांदाच.” शब्द न् शब्द शाबूत. पण हा ‘काल’ म्हणजे कधी? नव्या ॲपमध्ये अकराशे नोंदींवर एकच तारीख होती, मी त्या हलवल्या त्या दिवसाची. बारा वर्षं एका दुपारी घडल्यासारखी दिसत होती.

मजकूर आला होता, पण त्याची साक्ष गेली होती. हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही, या किनाऱ्याचं ते जुनंच दुखणं आहे, म्हणून हा लेख.

एका किनाऱ्याच्या अनेक वह्या

एडवणला गेलात तर आशापुरी देवीचं मंदिर दिसेल, मासळी सुकवायच्या जागा दिसतील आणि विचारपूस केली तर जुन्या कोटाचे अवशेषही कुणीतरी दाखवील. या गावाचा शेतसारा, होड्यांवरचा कर, माडांची मोजणी कोणत्या ना कोणत्या सरकारी वहीत लिहिली जात आली आहे. वही मात्र वेळोवेळी बदलली.

आधी हा मुलूख गुजरातच्या सुलतानांकडे होता आणि त्यांच्या दरबाराची लेखनभाषा फारसी होती. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानं सुलतान बहादूरशाहानं वसई व तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे १५५९ मध्ये दमणही त्यांच्याकडे गेलं आणि मधला किनारा हळूहळू त्यांच्या अमलाखाली आला. नव्या धन्याला पहिल्यांदा काय हवं असतं? जुन्या धन्याची वही. सिमाँव बोतेल्यु या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं १५५४ मध्ये वसईसह पोर्तुगीज ठाण्यांच्या उत्पन्नाचा ‘तोंबु’ म्हणजे नोंदवही तयार केली. राज्य बदललं, लिपी बदलली, तरी ठाणेदार हा पोर्तुगीजांचा ‘तानादार’ झाला आणि परगणा ‘प्रागाना’ झाला. सुलतानी कारकुनाचे शब्द रोमन अक्षरं अंगावर घेऊन नव्या वहीत जाऊन बसले.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारीत तारापूर आणि मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. आता वही मोडीत लिहिली जाऊ लागली. १८१८ नंतर इंग्रज आले, छापखाना रुजला, छपाईसाठी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी पक्की झाली. तरी हाताचं लिखाण दीर्घकाळ मोडीतच चालू राहिलं. १९५० च्या दशकात शाळांमधून मोडी गेली आणि एका पिढीत आजोबांचं अक्षर नातवाला परकं झालं. मग संगणक आला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला, सातबारा संगणकावर आला.

इतक्या वेळा दप्तर हललं. दर वेळी कुणीतरी बसून नकला केल्या असतील. आणि दर वेळी काही ‘काल’ हरवले असतील.

नक्कल म्हणजे काय?

हा ‘नक्कल’ शब्दच पाहा. तो अरबी ‘नक्ल’वरून आला. त्या धातूचा मूळ अर्थ आहे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. म्हणजे नक्कल करणं आणि सामान हलवणं या दोन्ही गोष्टी अरबांनी एकाच शब्दात पाहिल्या. आम्ही ज्याला आज ‘डेटा ट्रान्सफर’ म्हणतो, त्याला तलाठी कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या शब्द होता.

मराठीत लिहिण्या-जपण्याची बहुतेक सगळी भांडीकुंडी अशीच आलेली आहेत. कागद फारसी, कलम अरबी, शाई ही ‘सियाही’. ‘फर्द’ लिहिणारा फडणीस, चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस. रोजच्या नोंदी ती रोजनिशी. ज्या फडक्यात कागद बांधून ठेवत ते रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही कागद रुमालांनीच मोजतात. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ची अक्षरं उलटून झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. आणि ‘दप्तर’? त्याचं मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कातडं. ग्रीकांकडून तो अरबी-फारसीत गेला, तिथून मराठीत आला आणि आज पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालच्या या कोशात कारभारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. फारसी कारभाराचं दप्तर आपल्या भाषेत आणण्याचा तो जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता आणि राज्यकर्त्याच्या दृष्टीनं तो रास्तच होता. पण एक गोष्ट आपण विसरतो. कोश करणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे शब्द येत होते. एका रकान्यात फारसी, दुसऱ्यात संस्कृत. जुनं नीट वाचता येत होतं, म्हणून नवं लिहिता आलं. कोशानंतरही कागद ‘कागद’च राहिला, दप्तर ‘दप्तर’च राहिलं. आज ‘हे शब्द तुमचे, ते आमचे’ अशी वाटणी करायला निघालेल्यांनी हा कोश एकदा उघडून पाहावा.

तारीख कशी हरवते

आता पुन्हा माझ्या ‘काल’कडे येतो. पेशवाईतल्या मोडी पत्रावर तारीख कशी असे? चौदाव्या शतकात दख्खनमध्ये रुजलेला सुहूर सन तिथे वापरला जाई. तो मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतकऱ्याच्या सोयीचं वर्ष, पण आकडे अरबी, तेही अक्षरांत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते सुहूर वर्ष ११३९. ते लिहायचं ‘तिसा सलासीन मया व अलफ’ : नऊ, तीस, शंभर आणि हजार. त्यात ५९९ मिळवले की १७३८ येतात, आणि जानेवारीनंतरचे महिने असतील तर ६०० मिळवून १७३९.

म्हणजे हिंदू कारकून, मराठी पत्र, मोडी लिपी, वसईची लढाई आणि तारीख अरबीत. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण नक्कल करणाऱ्याला ‘सलासीन’ म्हणजे तीस हे ठाऊक नसेल, तर तो ओळ गाळेल किंवा चुकीची लिहील. पत्र उरेल, वर्ष जाईल.

मोडीची अडचण आणखी आहे. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचं, शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. देवनागरीत आणताना वाचणाऱ्याला ठरवावं लागतं : इथे दिवस आहे, गरीब आहे की धर्म? लिप्यंतर करणारा टायपिस्ट नसतो, तो न्यायाधीश असतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. ‘महिकावतीची बखर’ ही उत्तर कोकणाच्या इतिहासाची मोठी ठेव. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली. ही एका माणसाची, एका काळातली बखर नाही. वेगवेगळ्या शतकांत लिहिलेली प्रकरणं नकला होत होत एका बाडात जमली. त्यातला काही भाग केशवाचार्यांनी १४४८ च्या सुमारास लिहिला. राजवाड्यांनी बखरीला दीर्घ प्रस्तावना जोडली, कुठलं प्रकरण कुणाचं, कधीचं, किती विश्वासाचं याचा शोध घेतला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद होऊ शकतात. पण त्यांना कळलं होतं की बाड छापलं म्हणजे काम संपत नाही.

मुस्लिम वाचकांना यासाठी एक ओळखीचा शब्द आहे. हदीसच्या अभ्यासात दोन भाग असतात. ‘मतन’ म्हणजे मजकूर आणि ‘सनद’ म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी. सनद तुटली तर मजकूर कितीही सुंदर असो, त्याचं वजन घटतं. हाच शब्द मराठीत इनामाच्या कागदासाठी आला. इनामदाराकडे सनद नसेल तर जमीन त्याची कशावरून? अरबी पंडित आणि मराठी इनामदार, दोघांचा प्रश्न एकच होता.

संगणकातली मोडी

संगणकावर आपण हे सगळं पुन्हा एकदा करून झालो आहोत. १९९० च्या दशकात मराठी टाईप करण्यासाठी नाना कंपन्यांचे फॉन्ट होते. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत इंग्रजी अक्षराचा संकेतांक असे. फॉन्ट काढला की लेख म्हणजे निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तिच्यात देवनागरी होती. पण मराठी छापखाने आणि कचेऱ्या पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर राहिल्या. त्या काळातल्या किती लेखकांच्या फ्लॉपी आणि सीडी आज मोडीपेक्षाही अवघड झाल्या आहेत! मोडी वाचणारा माणूस शोधता तरी येतो.

माझाच एक जुना लेख मी युनिकोडमध्ये बदलून घेतला. ‘डोंगरदऱ्या’ होत्या तिथे ‘डोंगरदर्या’ झालं. एका अर्ध्या ‘र’नं डोंगरातली दरी समुद्रात नेऊन बुडवली. मी स्वतः वाचलं म्हणून सापडलं.

गंमत अशी की खुद्द मोडीलाही जून २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. पालघर जिल्हा झाला त्याच्या जेमतेम दीड महिना आधी. शाळेतून गेलेली लिपी संगणकात परत आली.

कुणाचं काय जातं?

कुणी म्हणेल, जुन्या कागदांचं एवढं काय? ज्याला दाखला काढायचा आहे त्याला विचारा. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा मुस्लिम जमातींतल्या मुलांना आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरपर्यंत जावं लागतं. तिथे कधी जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ असतं, कधी अक्षर मोडी असतं, कधी उर्दू. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. मराठा समाजाच्या पोराचं भवितव्य निजामाच्या काळातल्या उर्दू कागदावर आणि मुस्लिम पोराचं भवितव्य मोडी रजिस्टरवर! एकमेकांची लिपी वाचता आली असती तर दोघांचीही खेप वाचली असती.

ज्याच्याकडे पैसा आणि ओळख असते, त्याचे कागद दर वेळी नव्या वहीत नीट उतरतात. गरिबाचे रुमालात राहतात. मग त्याला सांगितलं जातं, ‘तुमची नोंदच नाही.’ नोंद असते. ती हलवायला कुणी बसलेलं नसतं.

काकांची तारीख

माझा जुना फोन कपाटात होता. चार्ज करून इंटरनेट बंद ठेवून जुनं ॲप उघडलं. नोंद तिथे होती, तारखेसकट : जून २०१९. त्या पानाचा फोटो काढून काकांना पाठवला. अर्जाला तो जोडला गेला. त्याचं पुढे काय होईल ते कचेरी जाणे. पण काकांचं ‘पहिल्यांदाच’ आता एका दिवसाला बांधलेलं आहे.

त्यानंतर मी तीन गोष्टी करतो. तारीख, गाव आणि सांगणारा कोण, हे मी आता नोंदीच्या पहिल्या ओळीत स्वतः लिहितो. ॲपवर सोडत नाही. ‘काल’, ‘परवा’ हे शब्द टाळतो. नोंदी साध्या मजकुराच्या फाईलमध्येही ठेवतो, म्हणजे उद्या कुठलंही ॲप बंद पडलं तरी त्या उघडतील. आणि नवीन घर लागलं म्हणून जुन्याला लगेच कुलूप लावत नाही. निदान एकदा सगळं वाचून होईपर्यंत.

अकराशेपैकी चारशे नोंदी आतापर्यंत वाचून झाल्या. वेळ लागतो. पण तुमच्याही घरी आजोबांची एखादी वही, आईचा हिशेब, एखादं बंद पडलेलं ॲप असेल. सांगणारी माणसं आहेत तोवर बसा त्यांच्याशेजारी, आणि विचारून घ्या : हा ‘काल’ म्हणजे नेमका कधी?